संशयाचे वाचन : राज्यसंस्था, संहिता आणि अर्थाचे उत्तरदायित्व

१

मराठी समीक्षेने ‘टेक्स्ट’ या संकल्पनेसाठी ‘संहिता’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा त्याचा दुसरा, व्यवहारात अधिक रुळलेला अर्थ तिला अडचणीचा वाटला नसावा. दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता या संज्ञा कायद्याच्या क्षेत्रातील होत्या आणि साहित्याभ्यासाचे क्षेत्र वेगळे मानले जात होते. १ जुलै २०२४ पासून देशाचा मुख्य फौजदारी कायदाच ‘भारतीय न्याय संहिता’ या नावाने अमलात आला आणि या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा समोरासमोर उभे राहिले. एक संहिता वाचली जाते. दुसरी संहिता वाचते आणि वाचल्यावर शिक्षा करते. या दोहोंतील संबंध हा शब्दसाम्याचा योगायोग मानून सोडून देता येईल काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

मिशेल फूकोने १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखक या संकल्पनेचा इतिहास मांडताना असे सुचवले होते की, लेखनाला शिक्षापात्र कृती मानता येऊ लागले तेव्हाच खऱ्या अर्थाने लेखनाला ‘लेखक’ लाभला. मालकी हक्काची कल्पना नंतरची. आधी आली ती दंडनीयता. हे विधान सर्व संस्कृतींना आणि सर्व काळांना लागू पडेल असे नाही. परंतु आधुनिक मराठी गद्याचा इतिहास पाहिला, तर त्यातील तथ्यांश नाकारणे कठीण जाते. या गद्याच्या जडणघडणीत वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे आणि या वृत्तपत्रांचा सर्वांत नियमित, चिकाटीचा आणि वेतन घेऊन वाचणारा वाचक म्हणजे सरकार होते. मुंबई सरकारच्या भाषांतर खात्यातून देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे गोपनीय साप्ताहिक गोषवारे तयार होत. आज ज्या पत्रांचे अंक कोठेही उपलब्ध नाहीत, त्यांच्याविषयी अभ्यासकांना जे काही कळते ते पुष्कळदा या गोषवाऱ्यांतूनच. पाळत ठेवणाऱ्याचे टिपण हेच वाङ्मयेतिहासाचे साधन होऊन बसले आहे.

राज्यसंस्था राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने लेखन, संभाषण आणि ग्रंथसंग्रह यांचे जे वाचन करते, त्याचे नैतिक स्वरूप कोणते? हे वाचन चुकीचे असते म्हणून आक्षेपार्ह ठरते की ते बरोबर असतानाही आक्षेपार्ह असू शकते? प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

२

भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. त्यातील कळीचा शब्द ‘डिसअफेक्शन’ हा होता. मराठीत त्यासाठी ‘अप्रीती’ असा प्रतिशब्द रूढ झाला. १८९७ साली ‘केसरी’वर खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ सांगताना त्याच्या व्युत्पत्तीचा आधार घेतला आणि अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असे निरूपण केले. द्वेष, वैर, तिरस्कार, शत्रुत्व अशा प्रत्येक प्रकारच्या दुर्भावनेचा त्यात समावेश झाला. प्रत्यक्ष बंड वा दंगा घडला की नाही, लेखनाने तो घडवू पाहिला की नाही, हे प्रश्न गौण ठरले.

भावाचा अभाव हा संहितेत शोधायचा कसा? एखाद्या लेखात द्वेष आहे असे म्हणणारा वाचक निदान एखाद्या शब्दावर, प्रतिमेवर किंवा विधानावर बोट ठेवतो. प्रीती नाही असे म्हणणाऱ्याला ती जबाबदारी उरत नाही. संपूर्ण संहिताच, तिच्यातील मौनासह, पुरावा होऊन जाते. खटल्यातील मजकुरात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती आणि शिवाजी उत्सवात अफझलखानाच्या वधाविषयी झालेल्या चर्चेचा वृत्तान्त होता. कवितेखाली कवीचे नाव नव्हते. ‘भवानी तलवारी’ची खूण होती. मजकूर १५ जून १८९७ च्या अंकातला. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन तारखांच्या सान्निध्याने कवितेला जो अर्थ दिला, तो तिच्या शब्दांनी दिला असता काय, हे सांगणे कठीण आहे. नऊ जणांच्या ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष मानले आणि अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. वाचकसमूहाची रचना अर्थ निश्चित करते, हा पुढे अमेरिकन समीक्षेत स्टॅन्ले फिश यांनी मांडलेला विचार मुंबईच्या न्यायालयात त्याआधी कितीतरी वर्षे आकड्यांच्या रूपाने सिद्ध झाला होता.

१८९८ साली कलमात दुरुस्ती होऊन ही व्यापक व्याख्या कायद्याच्या शब्दांतच उतरली. १९४२ साली फेडरल कोर्टाने सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असेल तरच राजद्रोह, असा संकोच सुचवला. परंतु १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तो अमान्य करून पुन्हा जुन्याच अर्थाला मान्यता दिली. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात कलम वैध ठरवले, मात्र हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू वा प्रवृत्ती असेल तेवढ्यापुरतेच ते मर्यादित केले. साहित्याभ्यासाच्या परिभाषेत सांगायचे तर, भावाच्या शोधाकडून परिणामाच्या शोधाकडे असा हा प्रवास होता. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवला आणि नव्या न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द उरला नाही. तथापि तिच्या १५२ व्या कलमात फुटीरतेच्या ‘भावनां’ना उत्तेजन देणे हा गुन्ह्याचा एक प्रकार म्हणून आला आहे. शासनाच्या धोरणांवरील टीकेला तेथे संरक्षण आहे, आणि कृत्य हेतुपुरस्सर किंवा जाणीवपूर्वक केलेले असावे अशी अटही आहे. पण भावना हा शब्द पुन्हा आला, आणि त्याबरोबर ती ओळखायची कोणी आणि कशी, हा स्ट्रॅचींच्या काळचा प्रश्नही परत आला.

३

१९०८ चा खटला या दृष्टीने अधिक बोलका आहे. मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल १९०८ रोजी झालेल्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त लिहिलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर टिळकांवर खटला चालला. सात युरोपियन आणि दोन पारशी यांच्या ज्यूरीसमोर टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःची बाजू मांडली. राजकीय इतिहासात हे भाषण धैर्याचा नमुना म्हणून ओळखले जाते. त्याच्याकडे अर्थनिर्णयनाचे भाष्य म्हणूनही पाहता येते.

त्यांचा पहिला मुद्दा भाषांतराचा होता. ज्यूरीपुढे मराठी अग्रलेख नव्हतेच. त्यांचे सरकारी इंग्रजी भाषांतर होते. मराठी शब्दांच्या छटा त्यात कोठे गडद झाल्या, कोठे वाकल्या, हे त्यांनी सरकारी भाषांतरकाराच्या उलटतपासणीत आणि भाषणात दाखवले. ज्या संहितेसाठी शिक्षा व्हायची, ती संहिता शिक्षा करणाऱ्यांनी वाचलेलीच नव्हती. दुसरा मुद्दा संदर्भाचा होता. हे लेख अँग्लो-इंडियन पत्रांतील मजकुराला दिलेले उत्तर होते. वादाचा अर्धा भाग बाजूला काढून उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लावता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तिसरा मुद्दा हेतूचा होता. लेखनाच्या संभाव्य परिणामावरून लेखकाचा हेतू गृहीत धरणे आणि हेतू सिद्ध करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेचे विवेचन करताना व्यंग्यार्थ कशाकशामुळे प्रतीत होतो, याची यादी दिली आहे. वक्ता, ज्याला उद्देशून बोलले जाते तो, स्वराघात, वाक्य, वाच्यार्थ, अन्य व्यक्तीचे सान्निध्य, प्रकरण, देश, काळ आणि असेच अन्य घटक यांच्या वैशिष्ट्यामुळे प्रतिभावान वाचकाला दुसरा अर्थ जाणवतो. टिळकांची मागणी थोडक्यात एवढीच होती की, व्यंग्यार्थासाठी शिक्षा करायची असेल तर ही सर्व अंगे तपासली जावीत. सरकारपक्षाने त्यांतील देश आणि काळ ही दोन आपल्या सोयीची तेवढी उचलली.

या खटल्यातील आणखी एक पुरावा लक्षणीय आहे. घरझडतीत एक पोस्टकार्ड सापडले होते आणि त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती. स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा त्याच सुमारास झाला होता. त्याच्यावर लिहिण्यासाठी ही माहिती हवी होती, असा टिळकांचा खुलासा होता. संपादकाच्या घरात पुस्तकांच्या नावांचे टिपण सापडणे यात नवल काहीच नाही. परंतु संशयाच्या चौकटीत ठेवताच प्रत्येक वस्तू चिन्ह बनते आणि चिन्ह झालेली वस्तू आपला साधा अर्थ गमावून बसते. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवून टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली गेली. ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली.

४

इथपर्यंतच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, राज्यसंस्था हा वाईट वाचक आहे. त्याला भाषेची जाण, संदर्भाचे भान आणि रसिकता लाभली, तर अन्याय टळेल. साहित्याच्या अभ्यासकांना हा निष्कर्ष सुखावणारा आहे, कारण तो त्यांच्या व्यवसायाचे महत्त्व वाढवतो. परंतु मराठीतील इतर दोन उदाहरणे हा निष्कर्ष टिकू देत नाहीत.

शिवराम महादेव परांजपे यांनी ‘काळ’ या साप्ताहिकात वक्रोक्ती आणि व्याजस्तुती यांचे एक सबंध शास्त्रच उभे केले होते. स्तुतीच्या भाषेत निंदा, आज्ञाधारकतेच्या स्वरात बंडखोरी आणि प्राचीन कथेच्या आवरणात वर्तमानाचा अर्थ असे त्यांच्या निबंधांचे स्वरूप होते. आनंदवर्धनाने ध्वनीच्या उदाहरणादाखल घेतलेली गाहासत्तसईतील प्राकृत गाथा येथे आठवते. गोदाकाठच्या कुंजात प्रियकराला भेटणारी स्त्री तेथे फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक पुरुषाला सांगते की आता खुशाल हिंड, तुला छळणारा कुत्रा सिंहाने मारला आहे. वाच्यार्थाने परवानगी, व्यंग्यार्थाने मनाई. परांजपे यांचे गद्य या गाथेच्या कुळातले होते. मात्र येथे ऐकणारा धार्मिक भोळा नव्हता. सरकारला व्यंग्यार्थ नेमका कळला. १९०८ साली परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि १९१० च्या वृत्तपत्र कायद्यानुसार जामीन मागितला गेल्यावर ‘काळ’ बंद पडला.

दुसरे उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे. विषय महाभारतातला, रंगमंचावर एकाही इंग्रज अधिकाऱ्याचे नाव उच्चारले जात नव्हते. तरीही कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे परवश देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कळत होते. ते सरकारलाही कळले आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्येही उलगडून दाखवले गेले. १९१० साली नाटकावर बंदी आली. या प्रसंगी सरकारच्या वाचनात चूक दाखवता येत नाही. रूपकाची प्रत्येक कडी त्याने बरोबर जुळवली होती. वाचक म्हणून ते प्रेक्षागृहातील सहृदयांच्या तोडीचे होते.

तेव्हा आक्षेप केवळ अपवाचनाचा असेल, तर ‘कीचकवधा’वरील बंदीविषयी बोलण्याजोगे काही उरत नाही. आणि तरीही ती बंदी अन्याय्य होती असे वाटत असेल, तर त्या अन्यायाचे कारण अर्थाच्या अचूकतेपलीकडे शोधावे लागेल.

५

पॉल रिकर यांनी मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉईड यांना संशयाच्या अर्थनिर्णयनाचे आचार्य मानले. संहिता जे सांगते त्याच्यामागे ती जे लपवते ते शोधणे, हे या परंपरेचे सूत्र होय. आधुनिक समीक्षेचा फार मोठा भाग याच सूत्रावर उभा आहे. मौनातून, विसंगतीतून, गाळलेल्या जागांतून वर्गहित वा सत्तासंबंध उघडे करणे हे आज विद्यापीठीय समीक्षेत शिकवले जाते. गुप्तचर विभागाचे वाचनही मूलतः याच पद्धतीचे असते. मग समीक्षकाचा संशय मुक्तिदायी आणि पोलिसाचा संशय दडपशाहीचा, असे म्हणण्यास आधार कोणता?

उभयतांच्या राजकीय बाजूंकडे बोट दाखवणे हा आधार पुरेसा नाही, कारण बाजू बदलतात. पद्धतीतील भेदही निर्णायक नाही. खरा भेद वाचनाच्या उत्तरदायित्वाचा आहे आणि तो तीन अंगांनी स्पष्ट होतो. समीक्षकाचे वाचन प्रकट असते. त्याखाली त्याचे नाव असते. ते प्रतिवादाला खुले असते. दुसरा वाचक तीच संहिता उघडून ते खोडून काढू शकतो. आणि ते चुकले तर त्याची किंमत मुख्यतः समीक्षकाच्या प्रतिष्ठेला मोजावी लागते. पाळतीचे वाचन गुप्त असते, ज्याचे लेखन वाचले जाते त्याला प्रतिवादाची संधी नसते आणि चुकीची किंमत वाचणाऱ्याला नव्हे, तर वाचल्या गेलेल्याला द्यावी लागते. रॉबर्ट कव्हर या अमेरिकन विधिचिंतकाने १९८६ साली लिहिलेल्या निबंधात कायद्याचे अर्थनिर्णयन वेदना आणि मृत्यू यांच्या क्षेत्रात घडते, याची आठवण करून दिली होती. न्यायाधीशाने अर्थ लावला की कोणाचे तरी स्वातंत्र्य, घर किंवा प्राण जातात. साहित्यिक अर्थनिर्णयनाशी त्याचे साम्य दाखवणाऱ्यांनी हा फरक विसरू नये, असा त्याचा इशारा होता.

लेखकाच्या हेतूविषयीचा जुना वादही या भेदाच्या प्रकाशात वेगळा दिसतो. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ले यांनी १९४६ साली हेत्वाभासाची मीमांसा करून लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादले. बार्थ यांनी पुढे लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. ही भूमिका फौजदारी न्यायालयात जशीच्या तशी नेली, तर आरोपीचा सर्वांत महत्त्वाचा बचाव हिरावला जातो. ‘माझा हेतू तो नव्हता’ हे वाक्य समीक्षेत अप्रस्तुत ठरेल. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ते अप्रस्तुत ठरू शकत नाही. यात विरोध आहे असे वाटते, कारण दोन प्रश्न एकत्र केले जातात. संहितेचा अर्थ काय, हा एक प्रश्न. त्या अर्थाबद्दल कोणाला शिक्षा करता येईल, हा दुसरा. पहिल्यात हेतू निर्णायक नाही. दुसऱ्यात त्याच्यावाचून चालत नाही. अर्थाची बहुविधता मान्य करणाऱ्या समीक्षेवर तर अधिकच जबाबदारी येते. संहितेचे अनेक अर्थ संभवतात असे जी म्हणते, तिला त्यांतील एकाच्या आधारे एखाद्याला तुरुंगात पाठवण्यास विरोध करण्याचे सबळ कारण तिच्या सिद्धान्तातच मिळते.

६

स्वतंत्र भारतात या वाचनाचे साधन पालटले. वृत्तपत्रांच्या गोषवाऱ्यांची जागा दूरध्वनीच्या श्रवणाने आणि पुढे संगणकाच्या नोंदींनी घेतली. कायदा मात्र बराच काळ १८८५ च्या टेलिग्राफ अधिनियमाचाच राहिला. १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-श्रवणाला कार्यपद्धतीची चौकट घातली. आदेश गृह सचिवाने द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. मात्र ही समितीही प्रशासनातील सचिवांचीच होती. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक मानली गेली नाही. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही हा अधिकार कार्यपालिकेकडेच ठेवला आहे. वाचणारा, वाचण्याची परवानगी देणारा आणि वाचनाची तपासणी करणारा हे सारे एकाच घरचे आहेत. ज्याचे संभाषण ऐकले गेले त्याला ते नंतर कळवण्याचे बंधनही या व्यवस्थेत नाही.

या गुप्ततेचा नैतिक अर्थ न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी खरक सिंह खटल्यातील १९६२ च्या आपल्या भिन्नमतपत्रिकेत ओळखला होता. पोलिसांची नजर सतत पाठीवर असताना माणूस रस्त्यावर चालू शकतो, त्याला कोणी अडवत नाही. तरीही ते चालणे मोकळे राहत नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. लेखनाला हे अधिकच लागू पडते. पत्र लिहिताना, टिपण करताना, मित्राशी बोलताना एक अदृश्य तिसरा वाचक कल्पून माणूस शब्द निवडू लागला, की त्याचे लेखन त्या वाचकाला उद्देशून होऊ लागते. मम्मटाच्या यादीतील ‘बोद्धव्य’ बदलतो आणि त्याबरोबर अर्थही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत अधिकाराचा दर्जा दिला, तेव्हा या भिन्नमताला उशिराने मान्यता मिळाली. याच निर्णयाने आणीबाणीतील १९७६ चा बंदीप्रत्यक्षीकरणाचा निकालही रद्दबातल ठरवला. कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता या कसोट्यांना उतरल्यावाचून राज्यसंस्थेने खासगी जीवनात डोकावू नये, असे तत्त्व आता प्रस्थापित आहे.

तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर पेगॅसस प्रकरणात दिसून आले. राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उच्चार केल्याने न्यायालयीन तपासणी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले आणि तज्ज्ञ समिती नेमली. २०२२ साली समितीचा अहवाल आला. तपासलेल्या एकोणतीस फोनांपैकी पाचांत घातक संगणकप्रणाली आढळली, ती पेगॅससच होती असे निश्चित म्हणता आले नाही आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयात नमूद झाले. कोणी वाचले, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

७

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. राज्यसंस्थेला नागरिकांच्या प्राणांचे रक्षण करायचे असते. कट उघडपणे रचले जात नाहीत आणि उघड वाचनाने ते कळत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर आणि सीमेपलीकडील त्यांचे सूत्रधार यांच्यातील दूरध्वनी संभाषण पोलिसांनी टिपले. ते टिपले नसते तर कटाचे स्वरूप इतक्या स्पष्टपणे सिद्ध झाले नसते. पाळत मुळातच अनैतिक आहे, असे म्हणणारा या उदाहरणापुढे निरुत्तर होतो.

परंतु त्या संभाषणांचे पुढे काय झाले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. ती न्यायालयासमोर आली, आरोपीच्या वकिलाला तपासता आली, आणि २०१२ च्या आपल्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सविस्तर चर्चा केली. गुप्तपणे केलेले वाचन प्रकट झाले आणि प्रतिवादाच्या कसोटीतून गेले. संसदेवरील २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यात याच कसोटीने उलट दिशेने काम केले. दिल्ली विद्यापीठातील एका अध्यापकाविरुद्धच्या पुराव्यात काश्मिरी भाषेतील एक अगदी छोटे दूरध्वनी संभाषण होते. पोलिसांनी करून घेतलेल्या भाषांतरात त्याचा अर्थ कटाकडे निर्देश करणारा निघाला; बचावपक्षाच्या काश्मिरी भाषकांनी वेगळा अर्थ सांगितला. खालच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १९०८ मध्ये भाषांतराच्या ज्या प्रश्नाकडे ज्यूरीतील सात जणांनी दुर्लक्ष केले, तो शंभर वर्षांनंतरही एका माणसाच्या गळ्याभोवतीच्या दोरीइतकाच प्रत्यक्ष होता. फरक पडला तो वाचन खुल्या न्यायालयात तपासले गेल्यामुळे.

त्यामुळे सुरक्षा की स्वातंत्र्य असे द्वंद्व मांडणे दिशाभूल करणारे आहे. वाचनाचा अधिकार मान्य केल्यावरही त्या वाचनाचा हिशेब मागता येतो, आणि हिशेब देणारे वाचन सुरक्षेच्या दृष्टीनेही अधिक भरवशाचे असते. हिशेब न देता केलेल्या वाचनाला आपली चूक कधीच कळत नाही.

८

हिशेबाची ही कल्पना जेथे दुबळी पडते, ते ठिकाण म्हणजे जामिनाचा टप्पा. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या ४३-ड(५) या कलमानुसार आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे असतील, तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. २०१९ च्या वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करू नये, असे सांगितले. साहित्यशास्त्राच्या भाषेत ही स्थिती मोठी विलक्षण आहे. आरोपीजवळ सापडलेली पत्रे, पुस्तके, टिपणे यांचे वाचन व्यंजनेने होते. त्यांतील साधा शब्दही सांकेतिक ठरू शकतो. आरोपपत्राचे वाचन मात्र अभिधेनेच करायचे असते. ते जे म्हणते ते तसेच आहे असे धरून चालायचे. एका संहितेवर सारा संशय आणि दुसऱ्या संहितेवर सारा विश्वास, अशी वाचनाची विभागणी कायदाच करून देतो. खटला सुरू होऊन संपेपर्यंत वर्षे जातात, आणि या काळात प्राथमिक वाचन हीच शिक्षा होऊन बसते.

या विभागणीला सर्वोच्च न्यायालयानेच काही प्रमाणात आवर घातला आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात २८ जुलै २०२३ रोजी जामीन देताना न्यायालयाने म्हटले की, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य असले, तरी ते केवळ जवळ बाळगणे हा त्या अधिनियमातील दहशतवादी कृत्यांसंबंधीचा गुन्हा होऊ शकत नाही, आणि पुराव्याचे निदान वरवरचे मूल्यमापन तरी करावेच लागेल. १९०८ च्या त्या पोस्टकार्डाला दिलेले हे उत्तर मानता येईल. त्याच वर्षीच्या ५ एप्रिल रोजी एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणात न्यायालयाने बंद लिफाफ्यातील पुराव्याच्या प्रथेवर कठोर टीका केली होती. प्रतिपक्षाला न दाखवता न्यायाधीशाच्या हाती दिलेला मजकूर म्हणजे दोघांनीच वाचलेली संहिता. तिसऱ्याचे, म्हणजे ज्याचे भवितव्य ठरते त्याचे, वाचन तेथे रद्द केलेले असते.

या निर्णयांनी प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. एका पीठाने घातलेला आवर दुसरे पीठ सैल करू शकते, आणि सुरक्षेच्या भयाच्या काळात तसे घडण्याची शक्यता वाढते. १९४२ आणि १९४७ या दोन वर्षांतील अंतर तेच सांगते. म्हणूनच हा प्रश्न केवळ विधिज्ञांवर सोडता येत नाही. शब्दाचा एकच अर्थ नसतो, संदर्भ तोडला की अर्थ बदलतो, भाषांतर हे निर्दोष वाहन नसते, वक्रोक्ती हा गुन्हा नसून भाषेचा स्वभाव आहे, या गोष्टी साहित्याचा अभ्यास शतकानुशतके सांगत आला आहे. त्याने त्या व्याख्यानकक्षात सांगून थांबावे की न्यायालयात त्यांची किंमत मोजली जात असताना तेथेही सांगाव्यात, हा निर्णय अभ्यासकांना घ्यायचा आहे. १९०८ मध्ये टिळकांना भाषांतराच्या चुका स्वतःच उभे राहून दाखवाव्या लागल्या. काश्मिरी संभाषणाच्या वेळी ती भाषा जाणणारे दोघे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि आपण काय ऐकले ते त्यांनी शपथेवर सांगितले.